दोन अंकांचे शतक : संगणकीय संदेश-मानकांतील दिनांक-दुरुस्तीची समीक्षा (चिंचवड-चाकण उद्योगपट्ट्याच्या संदर्भात)

सारांश

संगणकांमधील संदेशांची जुनी मानके ज्या काळात तयार झाली, त्या काळात वर्ष दोन अंकांत लिहिण्याची रीत होती. पुढे ही रीत सदोष ठरली आणि मानके दुरुस्त करण्यात आली. या दुरुस्त्या पूर्ण झाल्या असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात ई-पत्राचे आणि वाहन उद्योगातील व्यापारी संदेशांचे मानक यांतील दिनांकविषयक तरतुदींची समीक्षा केली आहे. दुरुस्ती संदेशाच्या गाभ्यात झाली, पण वेष्टनात पुष्कळ अंशी राहून गेली. शतकाचा निर्णय बऱ्याच ठिकाणी लिहिणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे ढकलला गेला. आणि त्याचा भार पुरवठा-साखळीतील सर्वांत लहान घटकावर पडतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : संदेश-मानक, दिनांक-आकृतिबंध, शतक-संदिग्धता, पुरवठा-साखळी, कालगणना.

१. प्रास्ताविक

०४०३०५ हे सहा अंक एखाद्या संदेशाच्या दिनांकाच्या रकान्यात आले आहेत अशी कल्पना करावी. वर्ष आधी लिहिण्याच्या रीतीने ते ५ मार्च २००४ होतात. आपल्याकडील सवयीने, म्हणजे दिवस आधी धरून, तेच अंक ४ मार्च २००५ होतात. अमेरिकी रीतीप्रमाणे महिना आधी धरला तर ३ एप्रिल २००५ असा तिसराच दिवस निघतो. तिन्ही वाचने नियमात बसणारी आहेत. तिन्ही दिवस पंचांगात अस्तित्वात असल्यामुळे संगणक कोणत्याही वाचनाला हरकत घेत नाही. चूक झाली तर ती निमूटपणे होते. माल उशिरा पोहोचल्यावर, किंवा फार लवकर पोहोचून गोदामात पडून राहिल्यावरच ती उघडकीस येते.

चिंचवड, भोसरी, आकुर्डी आणि चाकण या पट्ट्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आकुर्डीचे बजाज ऑटो, पिंपरी-चिंचवडमधील टाटा मोटर्स, आणि २००९ नंतर चाकण परिसरात स्थिरावलेले फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांसारखे जर्मन कारखाने अशा मोठ्या उद्योगांभोवती लहान-मोठ्या पुरवठादारांचे दाट जाळे आहे. एकाच शेडमध्ये काम करणारा पुरवठादार एका ग्राहकाला जर्मन वळणाच्या, दुसऱ्याला अमेरिकी वळणाच्या आणि तिसऱ्याला देशी पद्धतीच्या दिनांकात उत्तर देत असेल, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. म्हणूनच या मानकांकडे केवळ तांत्रिक कागदपत्रे म्हणून पाहून चालणार नाही. कोण लिहितो, कोण वाचतो आणि चुकीची किंमत कोण मोजतो, हे ठरवणाऱ्या संहिता म्हणून त्यांचे वाचन होणे आवश्यक आहे. तसे वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. मोडी पत्रांतील पूर्वानुभव

दिनांक अपुरा लिहिल्याने पुढच्या वाचकावर काय प्रसंग येतो, याचा मोठा अनुभव मराठी इतिहास-संशोधनाच्या गाठीशी आहे. चिंचवडचे श्रीमोरया गोसावींचे देवस्थान हे इनामे, सनदा आणि दरबारी पत्रव्यवहार यांचे जुने केंद्र होते. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या देवघराण्याचा आणि राजसत्तेचा संबंध तपासला आहे. अशा कागदांवर सुहूर सन असतो. त्याचे आकडे अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिले जातात. ‘तिसा तिसैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९९, म्हणजेच इसवी सन १७९८-९९. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा सुरू होते. त्यामुळे इसवी सन काढताना जूनच्या आरंभाच्या आधी ६०० आणि नंतर ५९९ मिळवावे लागतात.

सनदेत सन पूर्ण लिहिण्याची काळजी घेतली जाई. रोजच्या पत्रांत मात्र पुष्कळदा ‘छ’ हे चंद्राचे चिन्ह, हिजरी महिन्याची तारीख आणि महिन्याचे नाव एवढ्यावरच भागत असे. पत्र लिहिणाऱ्याला आणि ते ज्याला मिळायचे त्याला चालू साल ठाऊक होते. मग ते लिहिण्याचे प्रयोजन काय, असा तो साधा हिशेब होता. पत्र आठ-पंधरा दिवसांत वाचले जाई तोवर हा हिशेब बरोबर होता. शंभर-दीडशे वर्षांनी ते पत्र राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती पडले, तेव्हा मजकुरातील प्रसंग, वार आणि इतर पत्रांचे संदर्भ जुळवून साल ठरवावे लागले. ग. ह. खरे यांच्या शकावलीसारखी आणि मोडकांच्या जंत्रीसारखी साधने तयार करण्यासाठी विद्वानांनी आयुष्यातील बहुमोल वर्षे खर्च केली.

येथे एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. मोडी कारकुनाने साल गाळले ते आळसाने नव्हे. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील सामाईक जाणिवेवर त्याने विश्वास टाकला होता. संगणकीय मानक लिहिणाऱ्यांनीही अगदी हेच केले. फरक इतकाच की मोडी पत्राचे चुकीचे वाचन इतिहासकाराच्या टेबलावर दुरुस्त होऊ शकते. यंत्राने केलेले चुकीचे वाचन दुरुस्त होण्यापूर्वीच त्यावर कृती झालेली असते.

३. काटकसरीचे कारण

दोन अंकी वर्षाची आज थट्टा करणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रांवर आणि महागड्या स्मरणसाठ्यावर काम करणाऱ्या पिढीला प्रत्येक अक्षराची किंमत मोजावी लागत असे. प्रत्येक नोंदीत दोन अंक वाचले तर लाखो नोंदींत होणारी बचत लहान नव्हती. शिवाय आपल्या आज्ञावल्या वीस-तीस वर्षे टिकतील अशी अपेक्षा त्यांपैकी फार थोड्यांची होती.

दोष काटकसरीत नव्हता. ही काटकसर संग्रहापुरती न राहता संदेशात शिरली, तेथून दोष सुरू झाला. एखाद्या कारखान्याने आपल्या संगणकात वर्ष दोन अंकांत साठवले, तर त्याचा अर्थ त्या कारखान्यापुरता ठरलेला असतो आणि तो त्याला हवा तेव्हा बदलता येतो. तेच दोन अंक तारेवरून दुसऱ्या कारखान्यात गेले की त्यांच्या अर्थावर कोणा एकाची मालकी राहत नाही. संदेशातील दुरुस्तीला दोन्ही बाजूंची एकाच वेळची संमती लागते, आणि अशी संमती मिळवणे ही जगातील अवघड गोष्टींपैकी एक आहे. २००० सालच्या संक्रमणाच्या वेळी हा फरक प्रकर्षाने दिसून आला. संग्रहातील दुरुस्त्या त्या-त्या संस्थेने केल्या; संदेशातील दुरुस्त्या मात्र पुष्कळदा तडजोडीवर थांबल्या.

४. ई-पत्राचे मानक : दुरुस्तीचा आदर्श आणि त्याची मर्यादा

ई-पत्राच्या मजकुराचे स्वरूप ठरवणारा दस्तऐवज, आरएफसी ८२२, ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिनांकातील वर्षासाठी दोनच अंकांची जागा होती. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ ने चार अंकांना परवानगी दिली आणि चार अंकच वापरावेत अशी शिफारस केली. एप्रिल २००१ मध्ये आलेल्या आरएफसी २८२२ ने चार अंक अनिवार्य केले, आणि ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२२ ने तीच व्यवस्था पुढे चालू ठेवली.

या दुरुस्तीची रचना अभ्यासण्याजोगी आहे. नव्या दस्तऐवजाने जुन्या व्याकरणाला ‘कालबाह्य’ असे नाव देऊन वेगळ्या प्रकरणात ठेवले. असा दिनांक यापुढे कोणी निर्माण करू नये, पण आला तर तो समजून घ्यावा, असा दुहेरी नियम केला. दोन अंकी वर्ष ०० ते ४९ असेल तर त्यात २००० मिळवावेत. ५० ते ९९ असेल तर १९०० मिळवावेत. तीन अंकी वर्ष आले तर त्यातही १९०० मिळवावेत. हा शेवटचा नियम वाचताना प्रथम हसू येते. तथापि त्यामागे खरा इतिहास आहे. काही आज्ञावल्या १९०० पासून किती वर्षे झाली तेवढाच आकडा छापत असत, त्यामुळे २००० साल उजाडताच त्या १०० असे लिहू लागल्या. मानकाने ही चूक नाकारली नाही. तिला व्याकरणात स्थान देऊन तिचा अर्थ बांधून टाकला. ज्येष्ठ संपादकाने जुन्या पोथीतील लेखनिकाची चूक न पुसता तिच्यावर टीप द्यावी, त्या प्रकारचे हे शहाणपण आहे.

मर्यादा आहे ती वाचनाच्या खिडकीत. शतक संदेशात नाही. ते वाचणाऱ्याच्या नियमात आहे. आणि नियम सर्वत्र एक नाही. संकेतस्थळांच्या एचटीटीपी या मानकातही दोन अंकी वर्षाचा एक जुना आकृतिबंध स्वीकारावा लागतो. तेथे २०१४ चा आरएफसी ७२३१ आणि त्याची जागा घेणारा २०२२ चा आरएफसी ९११० वेगळा नियम सांगतात : दिनांक पन्नास वर्षांहून अधिक पुढचा वाटला, तरच तो मागील शतकातील समजावा. आता ५५ हे वर्ष घ्या. २०२५ साली ते ई-पत्राच्या नियमाने वाचले तर १९५५ होते. संकेतस्थळाच्या नियमाने वाचले तर २०५५ होते, कारण ते केवळ तीस वर्षे पुढे आहे. त्याच दोन अंकांत, एकाच संगणकावर, दोन्ही बाजूंनी मानकाचे काटेकोर पालन करूनही शंभर वर्षांचे अंतर पडते. एक खिडकी भिंतीत पक्की बसवलेली आहे, दुसरी काळाबरोबर सरकणारी आहे. प्रत्येक खिडकी आपापल्या जागी तर्कशुद्ध आहे. मात्र त्या दोहोंत काही मेळ नाही.

पक्क्या खिडकीला मुदतही असते. विद्युत् प्रमाणपत्रांच्या मानकात, म्हणजे २००८ च्या आरएफसी ५२८० मध्ये, २०४९ पर्यंतचे दिनांक दोन अंकी वर्षाने आणि २०५० पासूनचे चार अंकी वर्षाने लिहिण्याचा दंडक आहे. दुरुस्तीची तारीखच येथे मानकात नोंदवून ठेवली आहे, ही प्रामाणिक गोष्ट होय. ई-पत्राच्या नियमात मात्र असा निरोपाचा दिवस लिहिलेला नाही.

५. उद्योगाचे संदेश : आत नवे, बाहेर जुने

वाहन उद्योगातील मागणीपत्रक, म्हणजे बोलीभाषेत शेड्यूल, आणि माल निघाल्याची आगाऊ सूचना हे संदेश मुख्यतः तीन परंपरांतून येतात. अमेरिकी एक्स१२, संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने तयार झालेले एडिफॅक्ट, आणि जर्मन वाहन उद्योग संघटनेची व्हीडीए मानके.

एडिफॅक्टमधील दिनांकाची कल्पना या सर्वांत परिपक्व आहे. तेथे दिनांक एकटा येत नाही. त्याच्याबरोबर तो कशाचा दिनांक आहे हे सांगणारा एक संकेत आणि तो कोणत्या आकृतिबंधात आहे हे सांगणारा दुसरा संकेत येतो. १०२ हा संकेत असेल तर शतकासह आठ अंक, १०१ असेल तर शतकाविना सहा अंक, २ असेल तर दिवस आधी, ६१६ असेल तर वर्ष व आठवडा. लेखारंभी दिलेल्या सहा अंकांची संदिग्धता अशा तीन-चार जादा अंकांनी पूर्ण नाहीशी होते. आपण कसे वाचले जावे हे संदेश स्वतःच सांगतो. मोडी पत्रावर ‘छ’ हे चिन्ह असते तेव्हा पुढचा आकडा चंद्रमासाचा आहे हे कळते. एडिफॅक्टचा संकेत हे त्याच जातीचे, पण अधिक पूर्ण असे चिन्ह आहे.

परंतु हा संदेश ज्या लिफाफ्यात जातो, त्याची कथा वेगळी आहे. एडिफॅक्टच्या वाक्यरचनेच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत लिफाफ्यावरचा दिनांक सहा अंकांचाच होता. चौथ्या आवृत्तीत तो आठ अंकांचा झाला. पण अनेक उद्योग तिसऱ्या आवृत्तीवरच थांबले. एक्स१२ मध्ये १९९७ च्या ४०१० या आवृत्तीने आतील दिनांक आणि गट-शीर्षकातील दिनांक आठ अंकांचे केले. सर्वांत बाहेरचे शीर्षक मात्र १०६ अक्षरांच्या ठरीव लांबीचे असल्याने त्यातील दिनांक सहा अंकांचाच ठेवला गेला, आणि नंतरच्या ५०१० आवृत्तीतही तो तसाच राहिला.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बाहेरचे शीर्षक प्रत्येक संगणक सर्वप्रथम वाचतो आणि त्यावरूनच आतील मजकूर कोणत्या आवृत्तीचा आहे ते ठरवतो. तेच बदलले तर जुना वाचक दारातच अडतो. वाड्याच्या आतील खोल्या नव्याने बांधता येतात. दिंडी दरवाजा बदलायचा तर येणारे-जाणारे सगळे थांबवावे लागतात. हे समर्थन मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. संदेशांची साठवण आणि तपासणी अनेकदा लिफाफ्यावरील दिनांकावरूनच होते. वादाच्या प्रसंगी ‘संदेश केव्हा पाठवला’ याचा पुरावा लिफाफा देतो, आणि नेमका तोच शतकाविना राहिला आहे.

व्हीडीए ४९०५ हे जर्मन शेड्यूलचे जुने मानक अधिक बोधप्रद आहे. १२८ अक्षरांच्या ठरीव ओळींत, वर्ष-महिना-दिवस अशा सहा अंकांत मागणीचा दिनांक तेथे येतो. पण त्या रकान्यात दिनांक नसलेले काही आकडेही येतात. ३३३३३३ म्हणजे मागील थकबाकी, ४४४४४४ म्हणजे तातडीची गरज, ५५५५५५ म्हणजे यापुढील आकडे दिवसांचे नसून आठवड्यांचे किंवा महिन्यांचे आहेत. तेहतिसावा महिना कोणत्याच पंचांगात नसल्यामुळे खऱ्या दिनांकाशी गल्लत होण्याची भीती नाही, ही युक्ती चतुर आहे. दुरुस्तीच्या वेळी मात्र हीच चतुराई अडचणीची ठरते. प्रत्येक सहा अंकी दिनांकापुढे २० जोडून आठ अंक करावेत असा सरधोपट नियम लावला, तर ‘तातडीची गरज’ या संकेताचे २०४४४४४४ असे अर्थहीन रूपांतर होते. ज्या ओळीला सर्वांत आधी उत्तर द्यायला हवे, तीच ओळ त्रुटी म्हणून बाजूला पडते. जुन्या रकान्यात नियमाबरोबर रूढीही साठलेली असते. ती न वाचता केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे. जर्मन संघटनेने पुढे एडिफॅक्टवर आधारलेल्या ४९८४ सारख्या शिफारशी आणल्या, तेव्हा थकबाकी आणि तातडी यांना दिनांकाच्या रकान्यातून काढून स्वतंत्र संकेत देण्याचा मार्ग मोकळा झाला. अर्थ वेगळे करणे हा दुरुस्तीचा खरा भाग होता; अंक वाढवणे हा त्यापुढचा, सोपा भाग.

६. आठवडा, वेळ आणि दिवसाची सीमा

चार अंकी वर्ष आले म्हणजे दिनांक निःसंदिग्ध झाला, हाही एक भ्रम आहे. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचीच उदाहरणे घेता येतील. १९८८ पासूनचे हे मानक वर्ष-महिना-दिवस असा क्रम सुचवते, आणि भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ७९०० मध्येही तोच आहे. पण आरंभीच्या आवृत्त्यांत शतक गाळलेली संक्षिप्त रूपे मान्य होती. २००४ च्या आवृत्तीत ती वगळली गेली. संदिग्धता दूर करण्यासाठी जन्मलेल्या मानकालाही स्वतःतील संदिग्धता काढून टाकण्यास सोळा वर्षे लागली.

आठवड्याचा क्रमांकही असाच फसवा आहे. या मानकानुसार ज्या आठवड्यात वर्षातील पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. म्हणून २०२६ चा पहिला आठवडा २९ डिसेंबर २०२५ रोजी सोमवारी सुरू झाला. जर्मन शेड्यूलमधील ‘२०२६, आठवडा १’ ही मागणी २०२५ सालातील दिवसांपासून सुरू होते. एक जानेवारीपासून आठवडे मोजणाऱ्या आपल्याकडील तक्त्यात ती पाहिली, तर नाताळाच्या सुट्टीनंतरचा पहिलाच माल उशिरा निघतो.

आपल्या आर्थिक वर्षाच्या लेखनातही एक सापळा आहे. ‘२००५-०६’ हे आपल्याकडे एप्रिल २००५ ते मार्च २००६ असे वाचले जाते, कोणत्याही लेखापालाला त्यात शंका येत नाही. आयएसओ ८६०१ च्या दृष्टीने तेच अंक जून २००५ आहेत. दोन्ही वाचने आपापल्या क्षेत्रात पूर्ण शुद्ध आहेत. सुदैवाने २०१२-१३ पासूनची आर्थिक वर्षे महिना म्हणून वाचता येत नाहीत, कारण तेरावा महिना नाही. तो दिलासा शतक संपेपर्यंतचाच आहे.

कालविभागाचा प्रश्न भारतीय वाचकाला विशेष जवळचा आहे. आरएफसी ८२२ मध्ये नावाने दिलेले कालविभाग जागतिक वेळ आणि उत्तर अमेरिका एवढेच होते. लष्करी एकाक्षरी विभाग पूर्ण तासांचे होते, आणि त्यांची चिन्हेही त्या दस्तऐवजात उलट छापली गेली होती, असे पुढे मान्य करावे लागले. साडेपाच तासांनी पुढे असलेल्या आपल्या देशाला त्या नामावळीत जागा नव्हती. अंकांत +०५३० असे लिहिणे एवढीच सोय होती. ती सोय अखेर सर्वांत चांगली ठरली, कारण ‘आयएसटी’ हे संक्षिप्त रूप इस्रायल आणि आयर्लंड यांच्यासाठीही वापरले जाते.

चाकणमध्ये तिसऱ्या पाळीत, ५ मार्चला पहाटे तीन वाजता गाडी भरून निघाली, तर जर्मनीत तेव्हा ४ मार्चच्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. संदेशात कालविभाग नसेल तर पलीकडच्या संगणकाला उद्या निघालेला माल आज कळतो. एडिफॅक्टमध्ये अंतरासह वेळ लिहिण्यासाठी २०५ हा संकेत उपलब्ध आहे. प्रश्न तो वापरण्याचा आहे. हिजरी दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि आपली तिथी सूर्योदयाची धरली जाते, हे ध्यानात ठेवून जंत्रीकारांना रात्रीच्या पत्रांचा विचार करावा लागला. दिवस कोठे संपतो हा प्रश्न यंत्रयुगाने निर्माण केलेला नाही.

७. दुरुस्तीचा भार

‘पाठवताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे’ या आशयाचे तत्त्व जॉन पोस्टेल यांनी १९८० साली इंटरनेटच्या आरंभीच्या मानकांत मांडले. दिनांकाच्या बहुतेक दुरुस्त्यांमागे हेच तत्त्व आहे. समान बळाच्या दोन पक्षांत ते उत्तम चालते. पुरवठा-साखळीत मात्र पक्ष समान नसतात. मोठा ग्राहक आपला आकृतिबंध ठरवतो आणि औदार्य लहान पुरवठादाराच्या वाट्याला येते.

एकाच खेपेचे उदाहरण पुरेसे आहे. ४ मार्च २०२५ रोजी माल निघाला. ग्राहकाला जाणाऱ्या संदेशाच्या लिफाफ्यावर २५०३०४ असते, आत २०२५०३०४ असते. शासनाच्या ई-इन्व्हॉइसमध्ये तोच दिवस ०४/०३/२०२५ असा लिहावा लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांपासून सुरू झालेली ही व्यवस्था १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींपर्यंत खाली आली, म्हणजे भोसरीतील मध्यम पुरवठादारही तिच्या कक्षेत आला. तीन लेखनांपैकी एकही चुकीचे नाही. मात्र तिन्ही जुळवणाऱ्या आज्ञावलीचा आणि तिच्या देखभालीचा खर्च पुरवठादाराचा आहे. जुळणी चुकली तर डेबिट नोटही त्याच्याच नावावर येते. मानकाच्या कोणत्याही प्रकरणात या खर्चाचा उल्लेख नाही.

याच्या उलट, जेथे केंद्रवर्ती संस्थेने जबाबदारी घेतली तेथे बदल झाला, हेही सांगितले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१३ रोजी आरटीजीएसची नवी प्रणाली आयएसओ २००२२ या संदेश-मानकावर सुरू केली. त्या मानकात दिनांक पूर्ण लिहिला जातो. देशादेशांतील बँक-संदेशांत सहा अंकी दिनांकाचे जुने स्विफ्ट संदेश आणि नवे संदेश मार्च २०२३ पासून शेजारी चालले. देयक-सूचनांसाठीचा हा सहवास नोव्हेंबर २०२५ मध्ये संपवण्यात आला. आरंभ आणि शेवट यांची तारीख आधी जाहीर केली, दोन्हींमधील रूपांतराची सोय केंद्राने पुरवली, म्हणून बदल तडीस गेला.

८. संभाव्य आक्षेप

जुना आकृतिबंध चालतो आहे, मग त्याला हात का लावावा, असा आक्षेप घेतला जाईल. शेड्यूलचे आयुष्य काही आठवड्यांचे असते. तेवढ्या काळात शतकाचा घोटाळा होण्याचा संभव नाही, हे खरे आहे. तथापि सुरक्षिततेशी संबंधित सुट्या भागांच्या नोंदी वाहनाच्या आयुष्यभर जपाव्या लागतात. एखादा दोष आढळून गाड्या परत बोलवाव्या लागल्या, की कोणत्या दिवशीच्या कोणत्या खेपेतील भाग कोठे गेला हे जुन्या संदेशांतूनच शोधले जाते. त्या वेळी शेड्यूल हा इतिहासाचा कागद होतो.

दुसरा आक्षेप असा की खिडकीचा नियम पुरेसा आहे. व्यापारी दिनांकांसाठी तो बराच काळ पुरेल. मनुष्याच्या जन्मदिनांकासाठी तो पुरत नाही, कारण आयुर्मर्यादा खिडकीच्या रुंदीइतकी किंवा तीहून अधिक असू शकते. निवृत्तिवेतनाच्या नोंदीत ‘२५’ म्हणजे शतायुषी पेन्शनर की नवजात बालक, हे कोणतीही खिडकी सांगू शकत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. दिनांक-दुरुस्ती म्हणजे दोन अंकांचे चार अंक करणे नव्हे. रकान्यात साठलेले वेगवेगळे अर्थ ओळखून त्यांना वेगवेगळी जागा देणे हा तिचा गाभा आहे. शतक वाचणाऱ्याच्या नियमात ठेवणे ही तात्पुरती सोय आहे, आणि तिला मुदत लिहिलेली असावी. आकृतिबंध सांगणारा संकेत संदेशाबरोबरच जाणे हा आतापर्यंतचा सर्वांत टिकाऊ उपाय दिसतो. दुरुस्तीचा खर्च आणि कालावधी ठरवताना साखळीतील सर्वांत लहान वाचकाची क्षमता मोजमापात धरली पाहिजे, आणि रूपांतराची सोय ज्याने आकृतिबंध ठरवला त्याने पुरवली पाहिजे.

ही शेवटची अपेक्षा अवास्तव नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर, १९७० पासूनचे सेकंद बत्तीस द्विमान अंकांत मोजणारी जुनी घड्याळे भरून जातील. कारखान्यातील यंत्रांच्या नियंत्रकांत बसवलेली अशी घड्याळे बदलण्यासाठी अजून अवधी आहे. चिंचवड-चाकण पट्ट्यातील औद्योगिक संघटना, मोठे उद्योग आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी एकत्र येऊन कोणत्या शेडमध्ये कोणता आकृतिबंध चालतो याची साधी यादी केली, तरी कामाला आरंभ होईल. मोडी कागदांच्या वाचकांसाठी जंत्री तयार करणाऱ्यांनी ते काम पत्रे लिहिली गेल्यानंतर केले, कारण त्यांना दुसरा पर्याय नव्हता. आपल्याला तो आहे.